तिरीप म्हणजे काय

परिमळवाडी नावाचं एक गाव होतं. गाव कसलं, फुलांची परडीच ती. अंगणात जाई, कुंपणावर कोरांटी, विहिरीच्या काठाने सोनटक्का, आणि कौलांवरसुद्धा चढलेली गोकर्णाची निळी निळी वेल. पण गावाच्या अगदी टोकाला, देवराईला टेकून, गवताने शाकारलेली एक इवलीशी झोपडी होती, आणि तिच्या दाराशी मात्र एकही फूल नव्हतं.

त्या झोपडीत एक आई आणि तिची लहानगी लेक राहायची. लेक रांगायला लागायच्या आधीच तिचे बाबा देवाघरी गेले होते. आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण टाचायची. लेक रानातून पानं गोळा करून आणायची, ओल्या फडक्याने पुसायची, लहान-मोठी वेगळी लावून द्यायची. सकाळी आंबील, संध्याकाळी भाकरी. कधी कधी दोन्हींतलं एकच. त्या दिवशी आई म्हणायची, मला आज भूकच नाही गं. लेकीला ते खरं वाटत नसे, म्हणून तीही म्हणायची, मलाही नाही. मग दोघी हसायच्या आणि होती तेवढी भाकरी अर्धी अर्धी खायच्या.

भुकेचं तिला एवढं काही वाटत नसे. तिचं दुःख निराळंच होतं. तिचं नाव तिरीप होतं.

परिमळवाडीत प्रत्येक मुलीला फुलाचं नाव असायचं. कुणी जुई, कुणी गुलबक्षी, कुणी अबोली. मुलीला आठवं वर्ष लागलं की श्रावणात तिची नावलावणी व्हायची. गावाच्या बागेत सगळ्यांसमोर उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, नावाचा अर्थ सांगायचा आणि आपल्या नावाचं रोप आपल्या हाताने लावायचं. मग सगळ्या बायका फेर धरून त्या नावाचं गाणं म्हणायच्या. ज्या मुलीचं रोप बागेत नाही, तिला त्या फेरात जागा नाही.

तिरीप नावाचं रोप कुठून आणायचं?

हे नाव पडलं तेही चुकूनच. बारशाच्या दिवशी सरूआत्या बाळाच्या कानात नाव सांगायला पाळण्यावर वाकली होती. नाव ठरलेलं होतं बकुळ. आत्याच्या पाठीत धपाटे घालायला बायका मुठी वळून तयारच होत्या. तेवढ्यात छपराच्या गवतातल्या एका भोकातून उन्हाची बारीकशी रेघ आत आली आणि बाळाच्या डोळ्यांवर बसली. बाळाने इवलंसं नाक मुरडलं. आत्याला म्हणायचं होतं, तिरीप येतेय गं डोळ्यांवर, फडकं धरा जरा. पण तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला मात्र, आणि बायकांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. पुढचं वाक्य आत्याच्या घशातच राहिलं. कानात पडेल तो पहिला शब्द म्हणजे नाव, अशी तिथली रीत. नाव पडलं ते पडलंच.

गावातल्या मुली वाईट नव्हत्या, पण गंमत कुणाला सोडवते? तिरीप पानांचा भारा घेऊन निघाली की गुलबक्षी विहिरीवरून म्हणायची, "तिरपे, सरळ चाल की जरा." आणि नावलावणी जवळ आली तशी एक दिवस ती म्हणाली, "तुझं नाव म्हणजे छपराचं भोक. मग रोप कसलं लावणार गं तू? बागेला भोक पाडणार?"

सगळ्या हसल्या. तिरीपही थोडी हसली, कारण न हसून काय करणार. पण घरी येऊन तिने छपराकडे पाहिलं. ते भोक अजून तिथंच होतं. झोपडीला खिडकी नव्हती, त्यामुळे त्या भोकातून येईल तेवढंच ऊन. पाऊस आला की आई तिथं मडकं ठेवायची आणि ऊन आलं की मडकं काढून तिथंच पाट मांडायची. उन्हाची ती रेघ सरकली की आईचा पाटही सरकायचा. तिने आईला विचारलं की माझ्या नावाचा अर्थ काय सांगू. आईने पानाला काडी टोचली. मला काही नीट बोलता येत नाही बाई, ती म्हणाली, पण नाव चांगलं आहे एवढं मला कळतं.

एवढ्याने नावलावणी कशी होणार?

नावलावणीच्या आदल्या सकाळी तिरीप पळसाची पानं आणायला निघाली. दुसऱ्या दिवशीच्या जेवणावळीच्या पत्रावळी आईलाच करायच्या होत्या. वाट देवराईतून जायची. देवराई म्हणजे देवाचं रान. तिथली काडीसुद्धा कुणी मोडत नसे, म्हणून तिथली झाडं आभाळाला लागलेली आणि खाली दुपारीही हिरवा हिरवा अंधार. नुकतीच श्रावणसर येऊन गेली होती. पानापानावर थेंब लोंबकळत होते, आणि रानहळदीचे गुलाबी तुरे जमिनीतून डोकं काढून बघत होते.

त्यातल्या एका तुऱ्यात कुणीतरी शिंकलं.

तिरीपने वाकून पाहिलं. तुऱ्याच्या गुलाबी पाकळीत बोटाएवढी एक परी कुडकुडत बसली होती. तिचा झगा मोरपंखी होता, केसांत दवाचे मणी होते, आणि चतुराच्या पंखांसारखे तिचे नाजूक पंख भिजून पाठीला चिकटले होते.

"सरीत सापडले बघ," परी बारीक आवाजात म्हणाली. "पंख वाळल्याशिवाय मला उडता यायचं नाही. आणि इथं तर ऊनच नाही."

तिरीपने परीला अलगद तळहातावर घेतलं आणि इकडे तिकडे पाहिलं. लांब, एका जांभळीच्या बुंध्याशी, पानांच्या फटीतून एक सोनेरी रेघ खाली उतरली होती. रुंदी म्हणाल तर बोटभर. तिने आपला तळहात त्या उजेडात धरला. पण तिरीप काय एका जागी बसते? ती मुंगीच्या पावलाने सरकायची, आणि तिच्यामागे मुलगीही सरकायची. कधी गुडघ्यावर, कधी टाचा उंचावून, कधी मुळावर चढून. हाताला रग लागली, मुंग्या चावल्या, पानं गोळा करायची वेळ निघून चालली. तरी तिने हात काही काढला नाही. परीचे पंख आधी पांढरे झाले, मग चंदेरी, मग त्यांच्यात लाल, पिवळा, निळा असे इवले इवले रंग नाचायला लागले.

परी भुर्रकन उडाली, तिच्या डोक्याभोवती एक चक्कर मारून समोरच्या फांदीवर बसली आणि विचारती झाली, "नाव काय तुझं, बाळ?"

मुलीने मान खाली घातली. हळूच म्हणाली, "तिरीप."

परीचे डोळे चमकले. "खरंच?"

झालं. मुलीला वाटलं, हीसुद्धा चेष्टाच करतेय. मग गुलबक्षीचं बोलणं, उद्याची नावलावणी, छपराचं भोक, सगळं सगळं तिने परीला सांगून टाकलं.

परी ऐकत राहिली. मग म्हणाली, "तू माझ्यासाठी हात अवघडवलास, म्हणून मी तुला दोन इच्छा देते. पण इच्छांना नियम असतात, ते आधी ऐक. पहिली इच्छा तुझी, दुसरी दुसऱ्या कुणासाठी. एकदा मागून घेतलेलं बदलून मागता येत नाही. आणि नाव बदलायचं असेल तर जपून. सोडून दिलेलं नाव रुसतं, आणि जाताना आपलं जे काही असेल ते बरोबर घेऊन जातं."

पण मुलीचे कान पहिल्याच वाक्यापाशी थांबले होते. "मला फुलाचं नाव हवं," ती म्हणाली.

परीने पंख झटकले. रंगीत थेंब उडाले आणि हवेतच तरंगत राहिले. प्रत्येक थेंबात एक नाव लुकलुकत होतं. हे मोगरा, परी सांगू लागली, याला फार मागणी, हाक मारली की अर्धी गल्ली वळून बघते. हे जाई, पुष्कळ घरांत असतं. हे शेवंती, हे आज्यांना आवडतं. एक थेंब मात्र मागे राहिला होता, पांढरा शुभ्र, लाजरा. त्यात नेवाळी हे नाव होतं.

"हेच," मुलगी म्हणाली, आणि थेंब तिच्या कपाळावर येऊन टपकन फुटला.

ती रानातून पानं घेऊन परतली तेव्हा सगळं गाव तिला नेवाळी म्हणत होतं, जणू पहिल्यापासून तेच नाव असावं. गुलबक्षीने आपण होऊन तिच्या डोक्यावरचा भारा उतरवला. बागेची राखण करणाऱ्या शेवंताआजींनी तिला द्रोणात घालून नेवाळीचं कोवळं रोप दिलं आणि उद्या फेरात माझ्या शेजारी उभी राहा म्हणून सांगितलं. नेवाळीचे पाय जमिनीला लागेनात. ती उड्या मारतच घरी आली.

झोपडीत अंधार होता.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, पण ते एखाद्या अनोळखी पाहुण्यासारखं अंगणातच उभं राहिलं होतं, आत पाऊल टाकत नव्हतं. छपरातलं भोक होतं तिथंच होतं, पण त्यातून काहीच येत नव्हतं. आई पाटावर बसून चाचपडत पानं टाचत होती. काडी पानाऐवजी बोटात जात होती. नेवाळीने तिला अंगणात नेऊन बसवलं, तर श्रावणसर धावत आली आणि दोघींना पानांसकट आत पळावं लागलं. झड येऊ नये म्हणून आईने दाराला झाप लावला. मग तर हाताला हात दिसेना.

"नेवाळी," आई अंधारात म्हणाली, "इथं काहीतरी यायचं बघ. असं वरून. त्याच्यापाशी बसून मी काम करायचे. काय म्हणायचे गं त्याला?"

नेवाळीने आठवून पाहिलं. शब्द जिभेवर यायचा आणि विरघळून जायचा. तिला आठवेना.

"राहू दे," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तेच नेवाळीला सोसेना. आईने बोट पदराला पुसलं आणि पुन्हा पान उचललं. जेवणावळीच्या पत्रावळी निम्म्याही झाल्या नव्हत्या.

दुसऱ्या सकाळी बागेत ढोल वाजायला लागला. मुली नवे परकर नेसून, रोपं हातात घेऊन निघाल्या. नेवाळीही आपलं रोप घेऊन निघाली, पण तिची पावलं बागेकडे न वळता देवराईकडे वळली. तिथंही तसंच होतं. झाडांच्या शेंड्यांवर ऊन होतं आणि खाली मिट्ट काळोख. नेच्यांनी माना टाकल्या होत्या. कोळ्याच्या जाळ्यावर थेंब होते, पण त्यांतला एकही लुकलुकत नव्हता. रानहळदीचे तुरे मिटून गेले होते, आणि परी एका मुळावर गुडघ्यांना मिठी मारून बसली होती.

"परीताई," नेवाळी म्हणाली, "मला दुसरी इच्छा मागायची आहे. माझ्या आईसाठी."

"माग, बाळ. काय हवं तिला?"

"मला त्याचं नाव येत नाही."

"मग ते कसं असतं ते सांग."

नेवाळीने डोळे मिटले. "ते बारीक असतं," ती सावकाश म्हणाली. "आख्खं ऊन मावत नाही ना, तिथं ते जातं. फटीतून, भोकातून, पानांतून. त्याला मोठं दार लागत नाही. ते तिरकं येतं, म्हणून अगदी कोपऱ्यापर्यंत पोचतं. त्यात धुळीचे कण सोन्याचे होतात. ते ज्यांच्याकडे खिडकी नाही त्यांच्याकडे जातं. माझी आई त्याच्याजवळ बसते आणि तिचे हात उजळतात. ते तुझे पंख वाळवतं." ती थांबली. "ते थोडंसंच असतं, पण तेवढं पुरतं."

बोलता बोलता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं सगळं आपल्याला ठाऊक होतं, हे तिला आत्ताच कळत होतं.

"ते रुसून गेलंय," परी हळुवारपणे म्हणाली. "त्याचं नाव चालवणारी एकच मुलगी होती. तिने पुन्हा ते नाव चालवलं, तर ते येईल. पण नियम तुला माहीत आहे. नेवाळी हे नाव तू मागून घेतलंस. ते बदलून मागता यायचं नाही."

मुलगी हातातल्या रोपाकडे बघत राहिली. त्याला दोन कोवळी पानं होती आणि एक कळी. लांबून ढोल ऐकू येत होता. मग तिने रोप परीच्या पायाशी ठेवलं.

"बदलून मागत नाही मी," ती म्हणाली. "नुसतं परत देते. परत देता येतं ना?"

परी आजवर पुष्कळांना भेटली होती. घेतलेलं परत द्यायला कुणीच आलं नव्हतं. तिचा चेहरा पहाटेसारखा उजळला. "देता येतं," ती म्हणाली. "जा आता. बागेत जा. तुझं नाव तुला वाटेत भेटेल."

मुलगी पळत सुटली. बागेच्या कोपऱ्यात पोचली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं आणि तिला काय म्हणायचं हे कुणालाच आठवत नव्हतं. बागेचा तो कोपरा देवराईच्या सावलीत होता. तिथं वर्षानुवर्षं एकही रोप जगलं नव्हतं. ती तिथंच उभी राहिली. जुईची नावलावणी झाली. अबोलीची झाली. गुलबक्षीने रोप लावून हात झटकले. शेवंताआजींनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तू गं, बाळ? तुझं नाव काय?"

तेवढ्यात देवराईच्या माथ्यावरची दोन पानं हलली. त्यांच्यामधून एक बारीक, लखलखीत, सोनेरी रेघ खाली आली आणि त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, मुलीच्या पायाशी बसली. सगळे बघत राहिले. गवतावरचे थेंब लाल झाले, पिवळे झाले, निळे झाले. आजी कपाळावर बोट ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय म्हणायचं याला? रोज बघतो की आपण. ही... ही..." पण शब्द कुणालाच सापडेना. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. गुलबक्षीचंही तोंड उघडं राहिलं.

"तिरीप," मुलगी म्हणाली. "ही तिरीप आहे. आणि माझंही नाव तिरीप. तिरीप म्हणजे जिथं आख्खं ऊन जाऊ शकत नाही, तिथं जाणारं थोडंसं ऊन."

आजींनी तिचा हात धरला आणि तिला फेराच्या मधोमध आणून उभं केलं. त्या नावाचं गाणं कुणालाच येत नव्हतं. मग आजींनी तिथल्या तिथं एक ओळ जुळवली, अबोलीच्या आईने दुसरी, आणि तिसरी जमेना तेव्हा गुलबक्षीने सुचवली. ती बाकीच्यांपेक्षा बरी होती. रोपाचं काय करायचं, असं कुणीतरी विचारलं. आजी म्हणाल्या, हिचं रोप नाही, हिचा कोपरा आहे. ज्याचं रोप कोमेजेल त्याने ते या कोपऱ्यात आणून ठेवावं.

नाच चालू असताना तिरीपने वर पाहिलं. सोनेरी रेघेच्या ऐन मध्यावर परी उभी होती. झगा मोरपंखी, पंखांत सगळे रंग. तिने दोन्ही हात हलवले. मग शिडी चढावी तशी ती उजेडातून वर वर गेली, चंदेरी ठिपका झाली, नुसती चमक झाली, आणि उजेडात उजेड होऊन गेली.

तिरीप घरी आली तर झोपडीचं रूपच पालटलं होतं. आईसाठीची दुसरी इच्छा परीने आपण होऊन पुरी केली होती. गवताच्या जागी लाल लाल कौलं चढली होती, आणि बरोबर जिथं भोक होतं तिथं एक काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून पाऊस येत नव्हता, ऊन मात्र येत होतं. त्याच्याखाली आई बसली होती. पत्रावळींची थप्पी तिच्या खांद्याला लागली होती, आणि शेजारी गरम भाकरी, गूळ आणि दह्याचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. त्या दिवसापासून त्या घरी भाकरी अर्धी करावी लागली नाही.

काचेचं कौल बघायला आधी शेवंताआजी आल्या, मग सगळं गाव आलं. प्रत्येकाला आपल्या घरी तसं हवंसं वाटलं. दिवाळीपर्यंत परिमळवाडीतल्या घराघरावर एक एक काचेचं कौल चकाकायला लागलं. आणि पुढच्या वर्षी अबोलीला बहीण झाली, तेव्हा तिच्या आईने आमच्या तिरीपला विचारलं, तुझं नाव आम्हाला देशील का? तिरीप म्हणाली, माझं माझ्याकडे ठेवून देते. मग गावातलीच आणखी एक बाई विचारायला आली, मग घाटावरून एक. तसं हे नाव अजूनही दुर्मीळच आहे. मोगऱ्यासारखी त्याला मागणी नाही. पण आता बागेत कुणी "तिरीप" म्हणून हाक मारली, की तीन मुली वळून बघतात. एक मोठी तिरीप, एक मधली, आणि एक अगदी पिटुकली, जिला स्वतःचं नाव अजून तिलीप असंच म्हणता येतं.

त्यांच्या कोपऱ्यात ऊन आलं, तसं तुमच्याही कोपऱ्यात येवो. आणि आलं, तर त्याला नावाने हाक मारा.